कुटुंब वाचनरात्र: आधी मोठ्यांसाठी जागा

शाळेत कुटुंब वाचनरात्र घ्यायची असं ठरलं, तेव्हा पहिल्याच बैठकीत भरगच्च यादी तयार झाली. वाचनाचं महत्त्व सांगणारं भाषण, प्रकट वाचनाची स्पर्धा, सगळ्यात जास्त पुस्तकं वाचणाऱ्या मुलाचा सत्कार, मुलांनी बसवलेली नाटुकली, पुस्तकांचं प्रदर्शन. कल्पना सगळ्या मनापासून आलेल्या होत्या. शाळेचं ग्रंथालय मी सांभाळते, त्यामुळे ती यादी माझ्याकडे आली आणि शांतपणे वाचताना एक गोष्ट खटकत राहिली. ज्या घरांत आधीच रोज वाचन होतं, त्यांनाच यातलं सगळं सोयीचं होतं. ज्याला झोपताना गोष्ट वाचून दाखवली जाते तोच मुलगा स्पर्धेत नाव देणार, सत्कार त्याचाच होणार, पुढच्या रांगेत त्याचेच आईवडील बसणार. बाकीचे येणारच नाहीत, किंवा आले तरी दाराशी उभे राहून निघून जातील.

म्हणून कार्यक्रम बाजूला ठेवून आम्ही वेगळी यादी करायला घेतली. कोण येणार नाही, आणि का? हे काम बैठकीत बसून होण्यासारखं नव्हतं. शाळा सुटताना फाटकाशी भेटणाऱ्या पालकांशी बोलायचं, आणि ज्यांच्याशी एरवी फारसं बोलणं होत नाही त्यांना प्रत्येक वर्गशिक्षिकेने सगळ्यांत आधी विचारायचं, असं ठरलं. प्रश्न साधा ठेवला: "मुलाबरोबर बसून पुस्तक बघायला संध्याकाळी शाळेत बोलावलं, तर जमेल का? अडचण काय येईल?"

सुरुवातीला अपेक्षित उत्तरं आली. कामाची पाळी, घरी लहान बाळ, दोन मुलं दोन शाळांत. पण थोडं थांबलं, घाई केली नाही, की खरं कारण बाहेर यायचं. एक वडील म्हणाले, "बाई, मला वाचता येतं, पण जोडाक्षर आलं की अडखळतो. मुलगी तिसरीत आहे, ती माझ्यापेक्षा भराभर वाचते. चारचौघांत तिच्यासमोर थांबायला नको वाटतं." एका आजींनी तर सरळच सांगितलं, "मला अक्षरओळख नाही. नातवाला दिवसभर मीच सांभाळते, पण पुस्तकाचं ते त्याची आई बघेल." आई रात्री उशिरा घरी येते, तोवर नातू झोपलेला असतो. आणि एक आई. त्यांची घरची भाषा वेगळी, शाळेची वेगळी. आपण वाचून दाखवलं तर मुलाचे उच्चार बिघडतील, या भीतीने त्यांनी घरी पुस्तक उघडणंच सोडून दिलं होतं.

ही तीन माणसं डोळ्यांसमोर ठेवून सगळी संध्याकाळ आखायची, असा मी आग्रह धरला. मुख्याध्यापिकांनी तो उचलून धरला. जे पालक आधीच वाचतात त्यांना यात काही कमी पडणार नव्हतं. त्यांना कुठेही पुस्तक दिलं तरी ते रमतात. आखणी ज्यांच्यासाठी करायची ते हे तिघे.

या आग्रहाला आधारही होता. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन-अडीच वर्षांच्या आसपासच्या मुलांना घरी चित्रपुस्तकं वाचून दाखवणाऱ्या पालकांचे त्यांनी दोन गट केले. वाचन दोन्ही गटांत होत होतं. फरक इतकाच की एका गटातल्या पालकांना वाचता वाचता मुलाला बोलतं करायला शिकवलं होतं: मोकळे प्रश्न विचारायचे, मुलाचं उत्तर थोडं वाढवून त्यालाच परत द्यायचं. महिनाभरानंतर बोलून व्यक्त होण्याच्या चाचण्यांमध्ये या गटातली मुलं दुसऱ्या गटाच्या कित्येक महिने पुढे होती. या पद्धतीला पुढे संवादी वाचन म्हणू लागले. मला यातलं महत्त्वाचं वाटलं ते हे, की मुलांना पुढे नेणाऱ्या त्या गोष्टीत अस्खलित वाचनाचा भाग फार थोडा आहे. प्रश्न विचारायला आणि उत्तर ऐकायला अक्षरओळख लागत नाही. आजींसाठी दार इथून उघडत होतं.

निमंत्रणावर आम्ही बराच वेळ घालवला, आणि तो घालवायलाच हवा असं आजही वाटतं. "पालकसभा" हा शब्द कुठेही येऊ द्यायचा नाही, कारण तो ऐकला की अनेकांना गुण आणि तक्रारी आठवतात. "पालक" हा शब्दही कमीच वापरला. त्याऐवजी लिहिलं, "आई, बाबा, आजी, आजोबा, मावशी, काका, मोठी ताई, मोठा दादा, मुलाला जवळचं वाटणारं कोणीही या. लहान भावंडांना बरोबर आणा." मग ठळक अक्षरांत: "त्या संध्याकाळी कोणालाही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला सांगितलं जाणार नाही. अभ्यास आणि गुण यांवर बोलणं होणार नाही." आणि शेवटी, "चष्मा असेल तर विसरू नका." ही शेवटची ओळ एका सहकाऱ्याची. घाईघाईत शाळेत येताना आजी-आजोबांचा वाचायचा चष्मा घरीच राहतो, हे त्यांनी स्वतःच्या घरी पाहिलं होतं. आम्ही काही भिंगंही आणून ठेवली आणि दोन खोल्यांतले दिवे बदलून घेतले.

पण ज्यांना वाचता येत नाही, त्यांना कागदाची चिठ्ठी पाठवून काय उपयोग? म्हणून प्रत्येक वर्गाने बोललेलं निमंत्रण तयार केलं. मुलांनी आपापल्या आवाजात, घरी जी भाषा बोलतात त्या भाषेत, छोटा निरोप फोनवर रेकॉर्ड केला आणि तो घरी पाठवला. वर्गात किती भाषा बोलल्या जातात हे तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांच्या कानांवर आलं. काही मुलं आधी लाजली; शाळेत ती भाषा बोलायची असते हेच त्यांना माहीत नव्हतं. एकाने निरोप दिला की बाकीचे "पुन्हा म्हण, पुन्हा म्हण" करत मागे लागायचे. वाचनरात्र झालीच नसती, तरी एवढ्यासाठी ही तयारी सार्थकी लागली असं मी म्हटलं असतं.

वेळेचं फार बोलण्यासारखं नाही. सवा तास, सुरुवातीला दहा मिनिटं सगळे एकत्र, नंतर जो तो आपल्या मनाने कुठेही जाईल. उशिरा येणाऱ्याला काही चुकलं असं वाटू नये, म्हणून शिट्टी वाजवून गट फिरवण्याची कल्पना आम्ही सोडून दिली.

खोल्या मात्र विचारपूर्वक लावल्या. एक खोली बिनशब्दांच्या चित्रपुस्तकांची. दारावर "चित्रं वाचूया" एवढंच. ती मुद्दाम प्रवेशाजवळ ठेवली, म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी दिसेल आणि तिथे बसणारा "वाचता न येणारा" म्हणून ओळखला जाणार नाही. शाळेतल्या काही शिक्षिका आणि व्यवस्थापन समितीतले पालक सुरुवातीला तिथेच बसतील, हेही ठरवून घेतलं. दुसरी खोली घरच्या भाषांची. तिसरीत कामिशिबाई. हा चित्रपट्ट्यांवरून गोष्ट सांगण्याचा जपानी प्रकार. 1930 च्या दशकात तिथे सायकलवर लाकडी चौकट लावून गोष्टी सांगणारे गल्लोगल्ली फिरायचे. पुठ्ठ्याच्या एका बाजूला चित्र, मागच्या बाजूला मजकूर. समोरच्यांना जे चित्र दिसतं त्याचा मजकूर गठ्ठ्यातल्या शेवटच्या पुठ्ठ्यामागे असतो, म्हणजे सांगणाऱ्याला तो डोळ्यांसमोर दिसतो. आमच्या पाचवीच्या मुलांनी स्वतः गोष्टी रचून असे संच केले होते. वाचून दाखवणारी मुलं, ऐकणारे मोठे. एक कोपरा मूकवाचनाचा, कारण काही मुलांना गर्दीत बोलायला आवडत नाही आणि त्यांनाही त्यांची जागा हवी. रांगणाऱ्या बाळांसाठी जाड पुठ्ठ्याची आणि कापडी पुस्तकं एका चटईवर.

तालमीत आमचं खरं शिक्षण झालं. सुरुवातीच्या दहा मिनिटांत भाषणाऐवजी एक छोटं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं: एक मोठं माणूस, एक मूल, एक चित्र. त्यासाठी आम्ही शिक्षिकांनी आपसांत सराव केला. पहिल्या सरावात जे झालं ते बहुतेक शिक्षकांच्या ओळखीचं असेल. "हे काय आहे? रंग कोणता? किती पक्षी आहेत? मोज बरं." बघता बघता त्या चित्राची परीक्षा झाली. मुलाच्या भूमिकेत बसलेली आमची सहकारी म्हणाली, "मला पुढचं पान उलटायची भीती वाटायला लागली."

मग व्हाइटहर्स्ट यांच्या पद्धतीतल्या चार पायऱ्या आम्ही आमच्या शब्दांत मांडल्या. विचारायचं, दाद द्यायची, थोडं वाढवायचं, आणि मुलाला पुन्हा म्हणायची संधी द्यायची. कागदावर हे फार कोरडं दिसतं. बोलण्यात ते असं उतरलं:

"काय चाललंय इथे?"

"मांजर."

"हो की, मांजर! छपराच्या अगदी कडेला बसलंय."

"कडेला बसलंय. पडेल."

"पडेल असं का वाटतं तुला?"

"पाय बघ ना, वाकडे."

"खरंच. घाबरून पाय आखडून बसलंय. तू कधी असा उंचावर अडकला होतास?"

शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. चित्रातून मुलाच्या आयुष्यात नेणारा हा प्रश्न विचारला, की मूल एका शब्दावर थांबत नाही. आमच्या सहकारीने तिच्या लहानपणी झाडावर अडकल्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि सराव तिथेच थांबला, सगळ्या ती ऐकत बसल्या.

दुसरी अडचण होती शांततेची. प्रश्न विचारून आपण थांबतच नाही. मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांमधल्या संवादाचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात असं त्यांना आढळलं. तो थांबा तीन सेकंदांपर्यंत वाढवला की मुलांची उत्तरं लांबतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. करून पाहिलं की कळतं. सरावात आम्ही मनात एक, दोन, तीन मोजायचो आणि तरी दोनवरच कुणीतरी बोलून टाकायचं. हे इतकं अवघड गेलं, म्हणूनच प्रात्यक्षिकात ते ठळकपणे दाखवायचं ठरवलं: प्रश्न विचारणारी व्यक्ती बोटांवर तीन मोजेल, सगळ्यांना दिसेल असं.

जोडाक्षरांशी अडखळणाऱ्या वडिलांसाठी वेगळा विचार करावा लागला. त्यांची मुलगी स्वतः वाचते, तिला चित्रांच्या खोलीत बसवणं तिला आवडलं नसतं. इथे जोडीने वाचण्याची पद्धत उपयोगी पडली. कीथ टॉपिंग यांनी 1980 च्या दशकात ब्रिटनमधल्या शाळांमध्ये ती रुजवली. मोठं माणूस आणि मूल एकाच पुस्तकातून एकत्र, एका सुरात, मोठ्याने वाचतात. मुलाला एकट्याने वाचावंसं वाटलं की ते ठरलेली खूण करतं, टेबलावर टिचकी मारतं, की मोठं माणूस थांबतं आणि ऐकतं. मूल अडलं की मोठ्या माणसाने शब्द सांगायचा आणि पुन्हा दोघांनी मिळून पुढे जायचं. ही मुळात मुलांच्या सोयीची पद्धत, पण मोठ्यांनाही तिच्यात आसरा आहे. दोन आवाज एकत्र चालले असताना कोण कुठे अडखळलं हे तिसऱ्याला कळत नाही.

मूल वाचत असताना ऐकणाऱ्याने करायचं काय, हेही अनेकांना ठाऊक नसतं. मूल चुकलं रे चुकलं की शब्द पुरवला जातो, किंवा "नीट बघ!" असा आवाज चढतो. न्यूझीलंडमध्ये 1970 च्या दशकाच्या अखेरीस स्टुअर्ट मॅकनॉटन, टेड ग्लिन आणि व्हिव्हियन रॉबिन्सन यांनी यासाठी तीन शब्दांची रीत बसवली होती: थांबा, सुचवा, शाबासकी द्या. आधी थांबायचं, मूल आपलं आपण दुरुस्त करतं का ते पाहायचं. नाही केलं तर "इथे काय म्हटलं तर अर्थ लागेल?" किंवा "सुरुवात कशाने होते बघ" असं सुचवायचं. आणि शाबासकी नेमकी द्यायची. नुसतं "छान" म्हणण्यापेक्षा "तू मागे जाऊन स्वतःच दुरुस्त केलंस" असं म्हटलं, तर मुलाला कळतं की आपण काय चांगलं केलं.

एवढं सगळं त्या दहा मिनिटांत सांगणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. आम्ही दोनच गोष्टी दाखवायच्या ठरवल्या, चित्रावरचा संवाद आणि टिचकी मारून जोडीने वाचणं. बाकीचं खोल्यांमध्ये बसलेल्या शिक्षिका गरजेप्रमाणे एकेकाला दाखवणार होत्या.

पुस्तकांची निवड हे माझं आवडतं काम, पण या वेळी ते करताना आपल्याच कपाटाकडे नव्याने पाहावं लागलं. रुडीन सिम्स बिशप यांनी 1990 मध्ये मांडलेली कल्पना अनेक ग्रंथपालांना माहीत आहे: पुस्तक मुलासाठी आरसा असावं आणि खिडकीही. आरशात मुलाला स्वतःचं घर दिसतं, खिडकीतून दुसऱ्याचं. ग्रंथालयातली चित्रपुस्तकं काढून जमिनीवर मांडली आणि विचारलं, आजीने वाढवलेलं मूल कुठल्या पुस्तकात आहे? चाकाच्या खुर्चीतलं मूल? ज्या घरात एकच मोठं माणूस आहे असं घर? खिडक्या पुष्कळ निघाल्या, आरसे मोजकेच. नवी पुस्तकं घ्यायला पैसे थोडे होते, ते सगळे या उणिवेसाठी राखून ठेवले.

घरच्या भाषांसाठी मोठी मदत झाली ती मुक्त परवान्याच्या पुस्तकांची. स्टोरीवीव्हर हे प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं ऑनलाइन व्यासपीठ 2015 मध्ये सुरू झालं. तिथली चित्रपुस्तकं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत, म्हणजे मूळ नावं देऊन ती कोणालाही मोफत छापता-वाटता येतात, आणि एकच गोष्ट अनेक भाषांमध्ये सापडते. ती उतरवून, छापून, शिवून आम्ही पातळ पुस्तिका केल्या. लेखक-चित्रकारांची नावं आणि परवान्याची ओळ पुस्तिकेवर राहील याची काळजी घेतली, कारण हा परवाना त्या अटीवरच मिळतो. एकच गोष्ट शाळेच्या भाषेत आणि घरच्या भाषेत शेजारी शेजारी ठेवली की मूल आपोआप दोन्ही उघडून बघतं.

गोष्ट नको असणारी मुलं असतात. त्यांच्यासाठी किडे, यंत्रं, ग्रहतारे, कोडी, चित्रकथा. काही सहकाऱ्यांना चित्रकथा "खरं वाचन" वाटत नव्हतं. यावर आमची बरीच चर्चा झाली आणि मी माघार घेतली नाही. लिहिलेल्या मजकुराची ताकद त्याच्या शब्दसंपदेत असते. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट आहरेन्स यांनी 1988 मध्ये इंग्रजीतल्या मजकुरांची आणि संभाषणांची तुलना केली होती. त्यांच्या मोजणीत मुलांच्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे सुमारे 31 शब्द दुर्मिळ निघाले, आणि महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या मोठ्यांच्या आपसांतल्या गप्पांत 17. मूल जे आवडीने उघडतं त्यातून हे शब्द त्याच्यापर्यंत पोचतात. न उघडलेल्या उत्तम पुस्तकातून काही पोचत नाही.

देणगीत आलेली पुस्तकं निवडताना कठोर राहिलो. फाटकी, जुनी माहिती असलेली, उपदेशाने भरलेली पुस्तकं आभार मानून परत केली. बक्षिसं ठेवली नाहीत. चित्रांच्या खोलीत फोटो काढायचे नाहीत असंही ठरलं. शाळेला अशा फोटोंची गरज असते हे मान्य आहे, पण जो माणूस आयुष्यात पहिल्यांदा नातवाबरोबर पुस्तक उघडतोय, त्याच्यासमोर कॅमेरा नको. ये-जा नोंदवायची वही, मुलं कोणाबरोबर परत जाणार याची खातरी, मोकळे ठेवायचे दरवाजे ही व्यवस्था कार्यालयाने चोख सांभाळली.

एक प्रश्न शेवटपर्यंत माझ्या मनात होता. ज्याच्या घरून कोणीच येऊ शकणार नाही, त्या मुलाचं काय? त्याला "येऊ नकोस" म्हणणं मला मान्य नव्हतं. निवृत्त शिक्षिका, माजी विद्यार्थी, ग्रंथालयातल्या मदतनीस अशा काही जणांना आम्ही आधीच बोलावून ठेवलं, त्यांची त्या त्या मुलांशी आधी वर्गात ओळख करून दिली, म्हणजे त्या संध्याकाळी अनोळखी माणसाशी जोडी लावली असं मुलाला वाटू नये. त्यांच्या छातीवर वेगळा बिल्ला लावला नाही. ती मुलंही बाकीच्यांसारखीच कुणाचा तरी हात धरून फिरत होती.

प्रत्यक्ष संध्याकाळी सुरुवातीला गर्दी कमी होती आणि मग एकदम लोंढा आला. मुख्याध्यापिका दोनच वाक्यं बोलल्या. प्रात्यक्षिकात बोटांवर एक, दोन, तीन मोजलं जात असताना सगळं सभागृह श्वास रोखून बसलं होतं, आणि समोरच्या मुलाने उत्तर दिलं तेव्हा लोक मनापासून हसले. त्यानंतर काही सांगावं लागलं नाही.

त्या आजी आल्या होत्या. चित्रांच्या खोलीत नातवाने पुस्तक उघडलं आणि भराभर पानं उलटायला लागला. आजींनी पानावर हात ठेवला. "थांब रे. ही बाई एवढ्या रात्री दार उघडं टाकून कुठे गेली?" नातू मागचं पान काढून शोधायला लागला. आजींना पुस्तक वाचता येत नव्हतं, पण गोष्ट कशी चालते हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. कुठे थांबायचं, कुठे शंका काढायची, कुठे ऐकणाऱ्याला वाट बघायला लावायची. आम्ही तालमीत जे मोजून मोजून शिकत होतो ते त्यांच्या बोलण्यात मुळातच होतं. त्यांनी एकच पुस्तक पुन्हा पुन्हा पाहिलं आणि तेच घरी न्यायला मागितलं.

घरच्या भाषेच्या खोलीतल्या आईंभोवती मुलांचं कोंडाळं जमलं. त्या आपल्या भाषेत वाचत होत्या आणि त्यांचा मुलगा ती न कळणाऱ्या मित्रांना एकेक वाक्य समजावून सांगत होता. तो मुलगा वर्गात फारसा बोलत नाही, असं त्याच्या वर्गशिक्षिका मला हळूच म्हणाल्या.

कामिशिबाईच्या खोलीतून येणाऱ्या हशामुळे शेजारच्या मूकवाचनाच्या कोपऱ्याला त्रास व्हायला लागला. आम्ही तो कोपरा उचलून वरच्या मजल्यावर नेला. तिथे एक सहावीतला मुलगा धाकट्या बहिणीला घेऊन आधीच जाऊन बसलेला होता. मोठ्या भावंडांसाठी काही वेगळं असायला हवं, हे तिथेच नोंदवून ठेवलं.

आणि ते वडील. ते दाराशी बराच वेळ उभे होते. मुलीनेच त्यांना हाताला धरून बसवलं, किड्यांचं पुस्तक काढलं आणि दोघं एकत्र वाचायला लागले. मी मुद्दाम लांबून गेले. टिचकीचा आवाज मधूनमधून येत होता. नंतर त्यांनी मला सांगितलं की एका शास्त्रीय नावाशी दोघंही अडले, दोघांनी मिळून ते फोडून वाचलं, आणि मुलगी म्हणाली, "बाबा, हे तुम्हालाही अवघड आहे!" हे सांगताना त्यांना त्याचं वाईट वाटलेलं नव्हतं.

जाताना प्रत्येक मुलाने एक पुस्तक घरी न्यायचं होतं. यावर आधी वाद झाला होता. पुस्तकं हरवतील, फाटतील, ही भीती रास्त आहे. माझं म्हणणं होतं की त्या रात्रीची सगळी ऊब दुसऱ्या दिवशी घरात पुस्तक नसेल तर विरून जाते. नोंद फक्त नाव आणि पुस्तक एवढीच ठेवली, दंड नाही, परतीची तारीख सैल. पुस्तकात एक खूणपट्टी घातली, त्यावर चार छोटी चित्रं: प्रश्न विचारणारा चेहरा, टाळी, उघडणारे हात, आणि बोलणारं मूल. अक्षरं एकही नाही, कारण ही पट्टी ज्यांना सगळ्यात जास्त लागणार होती त्यांना ती वाचायला लागू नये.

पुढचे काही आठवडे मुलांना आम्ही एवढंच विचारत राहिलो, "कोणाबरोबर पुस्तक बघितलंस?" किती पानं, किती पुस्तकं, हे विचारलं नाही. उत्तरं सारखी नव्हती. काही घरांत पुस्तक दप्तरातून बाहेरच आलं नाही. काही घरांत दोन दिवस चाललं आणि थांबलं. पण "आजी," "काका," "दादा" ही उत्तरं वाढत गेली, आणि पुस्तक बदलून मागणारी मुलं यायला लागली, तेव्हा फाटकाशीच पुस्तकांचा एक खोका ठेवायला सुरुवात केली. मुलाला घ्यायला येणारं माणूस उभ्या उभ्या पुस्तक बदलून नेऊ शकतं. ग्रंथालयाच्या पायऱ्या चढायला जे बिचकतात, ते खोक्यात सहज हात घालतात. काही पुस्तकं परत आली नाहीत. ती ज्या घरांत आहेत तिथे दुसरं पुस्तक नाही, हे माहीत असल्याने मी पाठपुरावा केला नाही.

पुढच्या वाचनरात्रीची तयारी सुरू झाली आहे. पाळीवर जाणाऱ्यांसाठी एक सत्र सकाळी ठेवायचं आहे. मोठ्या भावंडांना आधी एक तास शिकवून त्यांना खोल्यांची जबाबदारी द्यायची आहे. आणि एक मागणी अशी आली आहे जी आमच्या कुठल्याच यादीत नव्हती. ते वडील आणि आणखी काही पालक विचारत आहेत, शाळा सुटल्यावर मोठ्यांसाठी वाचनाचा वर्ग घेता येईल का? जोडाक्षरांपासून सुरुवात करा, असं त्यांचं म्हणणं आहे. दोन शिक्षिका तयार आहेत. वर्ग कोणत्या वारी घ्यायचा आणि त्या वेळात मुलांना कुठे बसवायचं, हे पुढच्या बैठकीत ठरेल.